सदतीस अंशांचा बंदोबस्त

बारामती आणि इंदापूर यांसारख्या तालुक्याच्या गावी रक्ततपासणीचा जो व्यवहार गेल्या काही वर्षांत रुजला आहे, त्याची सारी भिस्त थंडाव्यावर आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दवाखान्यालगतच्या एखाद्या गाळ्यात रक्त काढले जाते, नळीवर रुग्णाचे नाव आणि वेळ यांची चिठ्ठी चिकटते, साध्या तपासण्या तेथल्या तेथे उरकतात, आणि तालुक्याच्या आवाक्याबाहेरच्या तपासण्यांचे नमुने थर्माकोलच्या पेटीत, गोठवलेल्या जेलच्या पाकिटांच्या सोबतीने, पुण्याला रवाना होतात. इंदापूरचा नमुना भिगवण, पाटस, यवत, उरुळी कांचन करीत सोलापूर रस्त्याने जातो, बारामतीचा मोरगाव-जेजुरीवरून किंवा पाटसवरून, आणि पेटी शेवटपर्यंत गार राहिली की नाही, एवढीच काय ती पोचवणाऱ्याची चिंता असते. हा शिरस्ता सर्वसाधारणपणे योग्यच आहे. रक्त शरीराबाहेर आल्यावरही त्यातील पेशी साखर खात राहतात, अनेक नाजूक द्रव्यांचा ऱ्हास चालू राहतो, आणि या सर्वाला थंडी आवर घालते. परंतु तपासण्यांचा एक लहानसा वर्ग असा आहे की ज्यात हीच शीतपेटी पुरावा नाहीसा करते, आणि तोही मागे खूण न ठेवता: अहवाल व्यवस्थित छापून येतो, त्यावर तज्ज्ञाची सही असते, 'आढळले नाही' असा निर्वाळा असतो, आणि ज्याच्याविषयी तो निर्वाळा दिला ते द्रव्य रुग्णाच्या अंगात मुबलक असू शकते.

या द्रव्यांना क्रायोग्लोब्युलिन म्हणतात. रोगजंतूंचा प्रतिकार करण्यासाठी शरीर जी प्रतिपिंडे निर्माण करते, ती एरवी रक्तद्रवात विरघळलेली असतात आणि तापमान थोडेफार उतरले तरी त्यांच्यात फरक पडत नाही; पण काही व्याधींमध्ये अशी प्रतिपिंडे उत्पन्न होतात की शरीराच्या स्वाभाविक ३७ अंश सेल्सिअस उष्णतेखाली ती विरघळून राहू शकत नाहीत. माघातल्या सकाळी खोबरेलाची बाटली थिजून पांढरी होते आणि उन्हात ठेवताच पूर्ववत पातळ होते, तद्वतच ही प्रतिपिंडे थंडीत साक्याच्या रूपाने वेगळी होतात आणि उबेत पुन्हा दिसेनाशी होतात. छाती, पोट, मेंदू यांना सदैव उबेत राहण्याचे भाग्य लाभलेले आहे. हातापायांची बोटे, नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या यांना ते लाभलेले नाही, आणि गारठ्यात बोटांच्या टोकांची उष्णता ३० अंशांच्याही खाली सहज उतरते. म्हणून या व्याधीची पहिली फिर्याद बहुधा शरीराच्या सरहद्दीवरून येते.

ही गोष्ट प्रथम नोंदली गेली ती १९३३ साली, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. मॅक्सवेल विन्ट्रोब आणि बुएल यांच्यापुढे अस्थिमज्जेच्या कर्करोगाचा एक रुग्ण आला होता. त्याच्या डोळ्यांतील शिरा गुठळ्यांनी बंद झाल्या होत्या, थंडीत बोटांचा रंग पालटत होता, आणि त्याचे सीरम, म्हणजे रक्त साकळल्यानंतर वर राहणारे पिवळसर पाणी, थंड करताच गढूळ होऊन त्यात साका बसत होता. पुढे १९४७ साली लर्नर आणि वॉटसन यांनी या द्रव्याचे नामकरण केले. विन्ट्रोब हे नाव आपल्याकडील प्रयोगशाळांत परके नाही. प्रयोगशाळा-तंत्रज्ञाचा डीएमएलटी हा अभ्यासक्रम करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातून शून्य ते शंभर खुणांची, अरुंद काचेची विन्ट्रोब नळी गेलेली असते, आणि याच नळीत गार सीरम फिरवून तळाशी किती टक्के साका बसला हे मोजण्याची पद्धत आजतागायत चालू आहे. एका माणसाने एक विलक्षण रोगी पाहावा आणि तो मोजण्याचे साधनही त्यानेच आधी करून ठेवलेले असावे, असा योग विज्ञानाच्या इतिहासात फारसा येत नाही.

१९७४ साली पॅरिसच्या ब्रुए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रतिपिंडांचे जे तीन वर्ग केले, ते आजही मान्य आहेत. पहिल्या वर्गात एकाच बिघडलेल्या पेशीवंशाने निर्माण केलेले, एकाच साच्याचे प्रतिपिंड असते. ते अस्थिमज्जेच्या किंवा लसिकापेशींच्या कर्करोगात आढळते, त्याचा साका भरपूर आणि लवकर, बहुधा एका दिवसात बसतो, आणि ते सूक्ष्म रक्तवाहिन्या अक्षरशः बुजवून टाकते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गांत निरनिराळी प्रतिपिंडे परस्परांना चिकटलेली असतात, म्हणून त्यांस मिश्र म्हणतात; तेथे वाहिन्या बुजण्यापेक्षा त्यांच्या भिंतींना दाह होणे हा मुख्य प्रकार असतो. १९६६ साली मेल्ट्झर आणि फ्रँकलिन यांनी या मिश्र प्रकाराची तीन लक्षणे सांगितली: त्वचेवर जांभळट ठिपके, सांधेदुखी आणि गळाठा. हे ठिपके पोटऱ्यांवर आणि घोट्यांभोवती उठतात. बोटाने दाबले तर फिकट होत नाहीत, आणि डोळे मिटून वरून बोट फिरवले तरी किंचित उंचवट्यामुळे हाताला लागतात. मूत्रपिंड थंड पडत नाही, तरी मिश्र प्रकारात त्यालाही इजा होते, कारण प्रतिपिंडांचे हे गठ्ठे तेथील गाळणीत थंडीवाचूनही अडकतात. लघवीतून प्रथिने आणि रक्त जाऊ लागते ते त्यामुळे.

नीरा आणि भीमा यांच्या खोऱ्यांत मार्गशीर्ष-पौषात पहाटे चांगलाच गारठा पडतो. साखर कारखान्यांचे गाळप याच दिवसांत भरात असल्यामुळे ऊसतोडणीच्या टोळ्या दिवस उगवण्यापूर्वी फडात उतरलेल्या असतात, आणि विजेची पाळी रात्रीची आली म्हणजे गव्हाला पाणी देणारा शेतकरी मध्यरात्री चिखलात उभा राहून दारे धरत असतो. अशा ठिकाणी कुणाची बोटे आधी पांढरी, मग निळी आणि शेकोटीपाशी आल्यावर लालबुंद झाली, तर 'गारठा बाधला' म्हणून तो विषय तेथेच संपतो, आणि बहुतेक वेळा तो तेथे संपणे रास्तही असते. निळ्या बोटांची आणि बधिर पायांची कारणे पुष्कळ आहेत. विडी-तंबाखूने पायाच्या रक्तवाहिन्या चोंदवणारा बर्जरचा आजार, मधुमेह, कुष्ठरोग ही सर्व या दुर्मीळ प्रतिपिंडांहून कितीतरी अधिक भेटणारी आहेत, आणि हा लेख वाचून कोणी हिवाळ्यात बोटे गार पडली म्हणून प्रयोगशाळेची वाट धरावी, अशी माझी मुळीच इच्छा नाही. परंतु दाबून न जाणारे ठिपके, न भरणारी घोट्याची जखम, लघवीतील प्रथिने आणि थंडीशी स्पष्ट नाते असणारी पीडा यांपैकी दोन-तीन गोष्टी एकाच माणसात जमल्या, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'क्रायोग्लोब्युलिन' हा शब्द येतो आणि खरी अडचण तेथून सुरू होते.

ही तपासणी सर्वथा यंत्राधीन नाही, म्हणून ती जवळून पाहण्यासारखी आहे. रुग्णाने शक्यतो उपाशीपोटी यावे, कारण जेवणानंतरची चरबी सीरमला दुधी रंग आणते आणि वाचणाऱ्याची फसगत करते. सुई-पिचकारी आणि काचेची, लाल झाकणाची, जेल नसलेली नळी अगोदरच ३७ अंशांपर्यंत ऊन करून ठेवलेली असते. दहा ते वीस मिलिलिटर रक्त घेतले की ती नळी मेजावरच्या लाकडी घोडीत न ठेवता तत्काळ उष्ण जलपात्रात, अथवा ते नसेल तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये, तापमापक बुडवून ३७ अंशांची खातरजमा केलेल्या पाण्यात उभी करतात. तेथे तास-दोन तास रक्त साकळू द्यायचे. मग फिरत्या यंत्राच्या धातूच्या वाट्यासुद्धा ऊन करून घेऊन नळी फिरवायची, आणि गुठळी तळाशी जाताच वरचे सीरम अलगद काढून घ्यायचे. येथपर्यंत थंडीला पूर्ण मज्जाव. सीरम वेगळे झाल्यावर मात्र तिला मुद्दाम पाचारण करावयाचे: त्याचे दोन भाग करून एक ३७ अंशांवर साक्षीदार म्हणून ठेवायचा, दुसरा ४ अंशांवर, बर्फ होऊ न देता, आणि तो रोज उजेडासमोर धरून पाहायचा. पहिल्या वर्गाचा साका दुसऱ्या दिवशी तळाशी पांढऱ्या लोंब्यांसारखा किंवा थलथलीत थरासारखा दिसतो. तिसऱ्या वर्गाचा इतका तुटपुंजा असतो की त्यासाठी सात दिवस वाट पाहण्याची मुदत ठरलेली आहे, आणि ती मुदत पुरी होण्यापूर्वी 'नाही' असे लिहिणे म्हणजे कामात कसूर करणे होय.

साका दिसला तरी त्याची जबानी लगेच ग्राह्य धरीत नाहीत. नळी पुन्हा ३७ अंशांवर नेल्यास तो विरघळला पाहिजे. विरघळला नाही तर तो फायब्रिनचा धागा असेल, किंवा मधल्या दिवसांत जंतू शिरले असतील. विरघळला, तर साका गार क्षारजलाने वारंवार धुऊन त्यात कोणत्या जातीची प्रतिपिंडे आहेत हे विद्युत्-संचारणाने ठरवतात आणि त्यावरून वर्ग निश्चित होतो. निरोगी माणसाच्या रक्तातही अत्यल्प साका सापडू शकतो, ही गोष्ट अहवाल वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावी.

आता शीतपेटी नेमके काय करते, ते पाहू. रक्त काढल्याबरोबर नळी गार झाली, तर ही प्रतिपिंडे रक्त साकळत असतानाच साक्याच्या रूपात बाहेर पडतात, गुठळीत अडकतात आणि नळी फिरवल्यावर तिच्याबरोबर तळाशी जातात. वरचे सीरम दिसायला निर्मळ असते, पण ज्याचा शोध घ्यायचा तेच त्यातून निघून गेलेले असते. पुण्यातील निष्णात तज्ज्ञाने ते सात दिवस नव्हे, सात महिने शीतकपाटात ठेवले तरी त्यात काही उगवणार नाही. दोष त्या तज्ज्ञाचा नसतो आणि यंत्राचाही नसतो. तो पहिल्या तासात घडून गेलेला असतो. या बाबतीत आपण मागासलेले आणि पाश्चात्त्य पुढारलेले, असा समजही नको. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय प्रयोगशाळांच्या एका पाहणीत नमुना किती उबेत ठेवावा आणि किती दिवस पाहावा, याविषयी प्रयोगशाळा-प्रयोगशाळांत मोठी तफावत आढळली होती.

रुग्णालाच पुण्याला किंवा मुंबईला पाठवावे आणि रक्त तेथेच काढावे, हा निर्दोष उपाय आहे, आणि पुष्कळ प्रयोगशाळांची मागणीही तीच असते. पण इंदापूरहून पुणे जवळपास १४० किलोमीटर, बारामतीहून १०० च्या आसपास. पायाला जखमा असलेल्या मजुराला एका नळीसाठी रोज बुडवून एसटीने तेवढा प्रवास करावयास लावणे हे सांगायला सोपे आहे. माझ्या मते दुसरा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. उबेची निकड केवळ सीरम वेगळे होईपर्यंत असते; त्यानंतर वाटेत ते गार झाले, त्यात साका बसला, तरी काही बिघडत नाही, कारण आता त्याला ओढून नेणारी गुठळीच नळीत नसते. पुण्याच्या प्रयोगशाळेने नळी उघडण्यापूर्वी ती सबंध ३७ अंशांवर ऊन करून घेतली की झाले. म्हणजे तालुक्याने पत्करायची जबाबदारी दोन-तीन तासांची आहे, सात दिवसांची नव्हे. बारामतीत २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि ज्या संस्थेत जंतूंची लागवड करणारा सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग असतो तेथे ३७ अंशांचे उबवणीचे कपाट असतेच, कारण माणसाला पीडणारे बहुतेक जंतू नेमक्या त्याच उबेत वाढतात. ज्या खासगी प्रयोगशाळेकडे ते नसेल, तिला थर्मास, तापमापक आणि आदल्या दिवशी केलेला एक फोन पुरे आहे. वैशाखातल्या दुपारी इंदापुरात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा थर्मासचीही गरज नाही, असे कोणी विनोदाने म्हणेल. पण नेमक्या त्या दिवसांत शीतपेटीतला बर्फ दुप्पट केलेला असतो, हे विसरून चालत नाही.

या प्रतिपिंडांचे एक सख्खे भावंड तालुक्याच्या प्रयोगशाळेत अधिक वेळा भेटते आणि तेथेच ओळखता येते. काही प्रतिपिंडे थंडीत स्वतः साकळत नाहीत, पण तांबड्या पेशींना चिकटून त्यांचे घोस करतात; कार्ल लान्डस्टायनर यांनी या शतकाच्या नव्हे, मागच्या शतकाच्या आरंभी, १९०३ साली त्यांचे वर्णन केले. मायकोप्लाझ्मा जंतूच्या न्यूमोनियानंतर ती काही आठवडे वाढतात, आणि उतारवयात कधी कायमची घर करतात. अशा माणसाच्या रक्ताचा साधा सीबीसी केला म्हणजे यंत्र गोंधळते. समजा, हिमोग्लोबिन ९.६ ग्रॅम आले, पण तांबड्या पेशींची संख्या केवळ १२ लाख, पेशीचे आकारमान ११५, आणि एमसीएचसी, म्हणजे तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनची घनता, जे ३६ च्या वर सहसा जात नाही, ते जवळजवळ ७० निघाले. असे रक्त निसर्गात असूच शकत नाही. यंत्र पेशींचा घोस ही एक मोठी पेशी समजले, आणि फार मोठे घोस त्याने मोजलेच नाहीत. हिमोग्लोबिन मात्र पेशी फोडून मोजतात, म्हणून ते खरे. जाणता तंत्रज्ञ अशा वेळी अहवाल छापीत नाही. तो नळी आडवी करून उजेडात पाहतो. काचेच्या आतल्या बाजूस रवाळ लाल कण चिकटलेले दिसतात. नळी अर्धा तास ३७ अंशांवर ठेवून पुन्हा यंत्राला दिली, की पेशी ३० लाखांच्या घरात जातात आणि एमसीएचसी ३३ वर उतरते. आकड्यांचा परस्परांशी मेळ बसतो की नाही याची ही रुजवात ज्याला करता येते, तो मनुष्य महागड्या यंत्रापेक्षा मोलाचा आहे. क्रायोग्लोब्युलिनचे कणही कधी असाच घोटाळा करतात. यंत्र त्यांना पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट समजून मोजते, आणि ऊन केल्यावर ती वाढीव संख्या नाहीशी होते.

प्रतिपिंड कोणत्या तापमानापर्यंत कामाला लागते, या प्रश्नाचे महत्त्व महाराष्ट्राने जगाला एकदा चांगलेच पटवून दिलेले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांना असे रक्त सापडले की त्याचे सीरम ओ गटाच्या पेशींचेही घोस करीत होते. १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेला हा शोध आज 'बॉम्बे' रक्तगट म्हणून सर्वश्रुत आहे. या गटाच्या लोकांच्या अंगी एच नावाच्या खुणेविरुद्ध प्रतिपिंड असते. तशाच जातीचे प्रतिपिंड इतर काही निरोगी माणसांतही क्वचित दिसते, पण ते केवळ गारव्यात हालचाल करते, म्हणून निरुपद्रवी. बॉम्बे गटातले मात्र ३७ अंशांवरही जागे असते, आणि म्हणून अशा माणसाला ओ गटाचे रक्त देणे जिवावर बेतू शकते. १९५७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईत रक्तगटांचे संदर्भ केंद्र उघडले. केईएमच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था त्यातूनच वाढली.

मिश्र क्रायोग्लोब्युलिनचे मूळ कशात आहे, हे कोडे १९८९ साली हिपॅटायटीस सी विषाणूचा शोध लागल्यावर बऱ्याच अंशी सुटले. या विषाणूने दीर्घकाळ बाधित असलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांच्या रक्तात शोधल्यास हा साका सापडतो, जरी त्यांपैकी थोड्यांनाच त्याचा उपद्रव होतो. यास्तव साका सापडला की पुढची तपासणी या विषाणूची. आणि नमुना वाटेत गार झाल्याचा संशय असला, तर कॉम्प्लिमेंट सी४ हे रक्तातील प्रथिन फार खाली गेलेले असणे आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर वर असणे या दोन गोष्टी डॉक्टरांना सावध करतात. यांतली दुसरी फसवीही आहे. सांधे दुखतात आणि तो फॅक्टर आला, एवढ्यावरून रुग्णाच्या कागदांवर 'संधिवात' असे लिहिले जाते आणि पोटऱ्यांवरचे ठिपके नोंदीबाहेर राहतात. वास्तविक आज या विषाणूवर तोंडाने घ्यायच्या गोळ्या आहेत, बहुतेकांना बारा आठवडे पुरतात, आणि २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांतून त्या मोफत मिळतात. विषाणू गेल्यावर बहुतेकांचे ठिपके आणि सांधेदुखी मावळते. काहींच्या रक्तात साका त्यानंतरही महिनोन्महिने टिकतो, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते. विषाणूही नाही आणि कर्करोगही नाही, असे उरले तर ल्युपस, श्योग्रेन यांसारख्या स्वयंप्रतिकारी व्याधींकडे पाहावे लागते, आणि तेथे उपचार लांबणीचा असतो.

ज्याच्या रक्तात असा साका निश्चित झाला, त्याला हातमोजे, पायमोजे आणि कानटोपी यांचा सल्ला कोणीही देईल. त्यापुढची एक दक्षता मात्र सहसा सांगायची राहून जाते. हृदयाच्या काही शस्त्रक्रियांत रक्त शरीराबाहेरच्या यंत्रातून फिरवताना मुद्दाम थंड करतात, आणि साध्या शस्त्रक्रियेतही गार खोलीत गार सलाइन शिरेतून जात असते. म्हणून अशा रुग्णाने आपला अहवाल घरच्या ट्रंकेत न ठेवता त्याची एक प्रत जवळ बाळगावी आणि शस्त्रक्रियेचा दिवस ठरताच ती भूलतज्ज्ञाला दाखवावी, म्हणजे सलाइन आणि रक्त ऊन करून देण्याची तजवीज आधीच करता येते.